भरल्याची तारीख

डिंकाची बाटली. आल्याचा चहा. लाल पट्ट्यात गेलेला काटा.

जिन्यातल्या आग विझवायच्या सिलिंडरवरचा, दाब संपल्याचं दाखवणारा तो काटा पाहून नवा तपासनीस थबकला. सोसायटीच्या वार्षिक तपासणीची फी भरून झाली होती. प्रमाणपत्रावर अध्यक्ष मृणालवहिनींची सही तेवढी उरली होती. सिलिंडरचं लेबल जाड लागलं म्हणून त्याने नखाने सोललं. खाली गेल्या वर्षीचं लेबल निघालं, त्याखाली त्याआधीचं. सगळ्या तारखा वहिनींच्या अक्षरात.

दर जानेवारीत सेक्रेटरी नणावरे कोरी लेबलं आणि डिंकाची बाटली घेऊन वहिनींच्या दारात उभे राहायचे. “वहिनी, सिलिंडर भरून आणले. तुमचं अक्षर मोत्यासारखं, भरल्याची तारीख तेवढी घाला.” वहिनी त्यांना आल्याचा चहा देऊन हौसेने घालायच्या.

“भाऊजी, भरलेच नव्हते?” वहिनींनी शेजारी उभ्या नणावरेंना विचारलं.

“अहो, सात वर्षांत कधी ठिणगी तरी उडाली का इथे?” नणावरे हसले. तपासनीसाच्या कपाळाला आठी पडताच मात्र हसू मावळलं. “मला काय विचारता, साहेब?” ते म्हणाले. “अक्षर कोणाचं आहे, बघा ना.”



पहिल्या वर्षी नणावरेंनी सिलिंडर वहिनींच्या डोळ्यांदेखत खरोखरच भरून आणले होते.