चार हजार वेली

चपला काढ, हात धू, टोपी घाल, कशाला हात लावू नकोस. ज्याला काकूंनी नाक शिंकरायला शिकवलं, तो पुतण्या आज त्यांना स्वच्छता शिकवत होता. काकूंचं डोकं फिरायला एवढं पुरे होतं.

प्रयोगशाळेत मांडणीला लागून मांडणी. पांढऱ्या दिव्यांखाली शेकडो बाटल्या, प्रत्येकीत थुलथुलीत खळीवर बोटभर हिरवा कोंब. ना माती, ना ऊन.

"एका फांदीतून चार हजार वेली, काकू! तुझी कडू वेल. आता तापाचं माणूस तुझ्या दारातून परत जायचं नाही."

"फांदी नेताना मला विचारलं होतंस?"

"त्यात काय विचारायचं? हे टिश्यू कल्चर आहे. तुला नाही कळायचं."

 शाळा काकूंनी दुसरीत सोडली होती, पण कुणाला ताप चढला की माणसं त्यांच्याच दारात यायची. परसातल्या कुंपणावर डावीकडे कडू वेल, उजवीकडे गोडी. पानं हुबेहूब सारखी, फरक काय तो जिभेलाच कळणार. गोडी नुसती शोभेची. यंदा उन्हाळ्यात कडू वेलीचं मूळ कुजलं. काकूंनी माती बदलली, सावली केली, वेल गेली ती गेलीच. आसपास दुसरी नव्हती. मागाहून तरी या पोरानं तिची एखादी फांदी नेली असेल, एवढीच आशा. म्हणून तर आठ महिने त्याची बोलावणी टाळून काकू आज आल्या होत्या.

मागे हिरव्या जाळीखाली मातीत लावलेली रोपं ट्रेमध्ये रांगेनं उभी होती. काकूंनी पान खुडलं.

"अगं, हात नको ला..."

पान तोंडात गेलंसुद्धा. त्या चावत राहिल्या. तोंड काही वाकडं होईना. दुसऱ्या ट्रेमधलं खुडलं. मग पार कडेच्या ट्रेमधलं.

"हं, खा," म्हणत त्यांनी एक पान त्याच्या हातावर ठेवलं.

त्यानं चावलं आणि त्याचा चेहरा उतरला. "गोड लागतंय." त्यानं शेजारच्या ट्रेमधलं पान चावून पाहिलं. "काकू, सगळी एकाच फांदीची आहेत गं. कुणी सांगायचं तरी मला!"

काकूंनी डोक्यावरची टोपी ओढून काढली.

"विचारलं नाहीस, तू गाढव. आणि तू उजवीकडची फांदी कापत होतास तेव्हा, येईल नाक घासत विचारायला म्हणून खिडकीत गप्प उभी राहिले, ती मी तुझ्याहून मोठी गाढव."