भुलीआधी

"आ करा," म्हणत डॉक्टरबाईंनी परागच्या तोंडावर दिवा ओढला. हिरड्यांलगत काळी कीड, झिजलेल्या दाढा, कोरडीठाक जीभ.

"लहानपणापासून गोडखाऊ आहे हो," कोपऱ्यातल्या स्टुलावरून आई घाईघाईनं म्हणाली.

"नुसत्या गोडानं दातांची अशी दशा होत नाही," म्हणत बाईंनी सिरिंज भरली. "आई, तुम्ही जरा बाहेर बसता?"

आई जागची हलली नाही.

"मग इथंच विचारते. कालपासून काही नशा केलीय? केली असेल तर हे भुलीचं इंजेक्शन जिवावर बेतेल."

दोन वर्षं परागनं आईला पत्ता लागू दिला नव्हता. पावडर ओढताना तो न्हाणीघराचा नळ मोठा सोडायचा. आता तिच्यादेखत कबूल करायचं? त्यापेक्षा सुई परवडली.

"नाही," म्हणून त्यानं डोळे मिटले, तोंड उघडलं.

सुई हिरडीला टेकणार, तोच स्टूल धाडकन आडवं झालं. आईनं बाईंचा हात घट्ट धरला होता.

"आज सकाळीच घेतलीय त्यानं," ती म्हणाली. "नळ सोडतो ना, तेव्हा मी दाराबाहेरच उभी असते."