मधली जागा

“आता तू शिल्पकार आणि हे सगळे माती,” समुपदेशक बाई नऊ वर्षांच्या मुलीला म्हणाल्या. “घरात जो जसा असतो, तसा त्याला उभा कर. पुतळ्यांनी हलायचं नाही.”

“आम्ही खेळायला नाही आलो,” वडील म्हणाले. मुलीचं पोट तीन महिने दुखत होतं. शाळेतून फोन आला की आईवडील कामं टाकून धावायचे. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. तिला वसतिगृहाच्या शाळेत घालायचं वडिलांनी ठरवलं होतं, त्यासाठी बाईंचं पत्र हवं होतं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. खराब भाग काढला की काम झालं, असा त्यांचा हिशोब.

“दहा मिनिटं. मग पत्राचं बोलू.”

मुलीने वडिलांना कोपराला धरून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आईला दाराशी नेलं, तिचा हात कडीवर ठेवला. आजोबांना मधोमध खुर्चीत बसवून त्यांची मान आधी इकडे वळवली, मग तिकडे, मग परत इकडे.

“अगं, एक काय ते ठरव. अवघडली मान.”

“तुम्ही असंच करता ना! बाबा म्हणतात, तिला सांगा उशीर होईल. आई म्हणते, त्याला सांगा जेवण झाकून ठेवलंय.”

“पोस्टमन,” आजोबा बाईंना म्हणाले. “तोही बिनपगारी.”

कुणी हसलं नाही.

“आणि तू कुठे?” बाईंनी विचारलं.

मुलीने एका मुठीत वडिलांच्या शर्टाचं टोक धरलं. दुसरा हात आईकडे केला. पुरेना. ती चवड्यांवर उभी राहिली, कमरेतून वाकली, आणि आईची बाही कशीबशी तिच्या चिमटीत आली. मग ती हलली नाही.

थोड्या वेळाने मुलीचे दंड थरथरू लागले.

“दुखतंय का गं?” आईने विचारलं.

“पोटात. नेहमीसारखंच.”

“मग सोड ना.”

“सोडलं तर तू जाशील.”

आईचा हात अजून कडीवरच होता. तिने तो चटका बसल्यासारखा काढला. वडील भिंतीकडून वळले.

आजोबा बाईंना हात जोडायला लागले. “माझे आभार नकोत,” बाई हळूच म्हणाल्या. “तीन महिने हे घर कुणी धरून ठेवलं, ते बघा.”

वडील गुडघ्यावर बसले. तेलाने काळवंडलेली त्यांची बोटं तिच्या मुठीवर आली.

“एवढं तू एकटी धरून होतीस? मला दिसलंच नाही गं. थँक्यू, बाळा. खूप केलंस. आता सोड.”

“नक्की?”

वडिलांनी आईकडे पाहिलं. आई दार सोडून आली आणि तीही खाली बसली.

“नक्की,” आई म्हणाली. “आम्ही भांडू, चिमणे. पण समोरासमोर भांडू. ते काम तुझं नाही.”

एकेक बोट करत मूठ उघडली. शर्टाचं टोक चुरगळून ओलं झालं होतं.

“पत्राचं काय करू?” बाईंनी विचारलं.

वडिलांची मान सवयीने आजोबांकडे वळली. आजोबा छताकडे बघत होते. “माझ्याकडे काय बघतोस? मी आजपासून निवृत्त.”

वडील आईकडे वळले. “तुला काय वाटतं?”

“मला विचारतोयस?” आई थबकली. “ती कुठेही जाणार नाही.”

“मलाही आता तेच वाटतंय. पण मग संध्याकाळी घरी लवकर कोण येणार?”

“तू ये की. दरवेळी मीच का?”

“अगं, माझी माणसं लिफ्टमध्ये अडकलेली असतात!”

“आणि हॉस्पिटलात माझ्या वॉर्डात काय बाहुल्या झोपवल्यात?”

आवाज चढले. बाईंनी मुलीला शोधलं. ती खिडकीशी गेली होती. रस्त्यापलीकडे एक रंगारी शिडीवर चढून दुकानाचं शटर पिवळं करत होता, आणि ती काचेला नाक लावून त्याचा ब्रश वरखाली होताना बघत होती. मागे दोघं एकाच वेळी बोलत होते. तिने एकदाही मान वळवली नाही.