कर्णिकेची बाजू

“बसा नत्थुजी, बसा. हराले काही उभं राहा लागत नाही,” ओमप्रकाशजी म्हणाले आणि जठारपेठेतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत हशा पिकला.

नत्थुजी हसले नाहीत. अमरावतीहून बसने येताना त्यांनी वाटभर एकच वाक्य तोंडात घोळवलं होतं. ते ओमप्रकाशजींच्या वर्मी बसणार याची त्यांना खात्री होती. निदान बडनेऱ्यापर्यंत तरी होती. मूर्तिजापूर आलं तशी ती डळमळू लागली.

दोघेही जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. जुन्या शिक्षकांच्या मंडळाने मराठीत शरीरशास्त्राचा कोश करायला घेतला, तेव्हापासून त्यांचं वैर. हृदयाच्या वरच्या कप्प्याला अलिंद आणि खालच्याला निलय म्हणावं, हे नत्थुजींचं मत. ओमप्रकाशजींचे शब्द कर्णिका आणि जवनिका. एवढ्यापायी ते एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेले नव्हते. नत्थुजींची पत्नी वारली तेव्हा ओमप्रकाशजींचं सांत्वनाचं कार्ड आलं. त्यातही शेवटी कर्णिकेचा विषय होताच.

आज निकाल लागणार होता. मंडळाची रीत अशी, की ज्याचा शब्द जिंकेल त्याने तो स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहायचा, आणि कोशात त्या शब्दाखाली त्याचं नाव छापायचं. नत्थुजींनी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली होती. अलिंदाखाली आपलं नाव दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते लिहिताना ओमप्रकाशजींचं तोंड पाहायचं होतं.

अध्यक्ष शकुनबाईंनी आधी ओमप्रकाशजींना बोलावलं. ओमप्रकाशजींची मुलगी हर्षा हात द्यायला पुढे झाली, तो त्यांनी झिडकारला. पण पाय फरशीवरून उचलेनात. जणू खालून कोणी धरून ठेवले होते. एके काळी हा माणूस वर्गात शिरायचा तो वाऱ्यासारखा. बरं झालं, नत्थुजींच्या मनात आलं. लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली, पण फार नाही.

टेबलावरच्या प्लास्टरच्या हृदयावर ओमप्रकाशजींनी बोट ठेवलं.

“जवनिका म्हणजे पडदा!” ते कडाडले. “हृदय काय नाटकाचं थेटर आहे? मी मरेपर्यंत अलिंदच म्हणीन. अलिंद अन् निलय! सांगा या नत्थुजीले!”

नत्थुजींनी आजवर कितीदा तरी ऐकवलेलं आणि आज बसमध्ये घोळवलेलं वाक्य तेच होतं. नाटकाचं थेटर. शब्दन् शब्द.

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. हर्षाची मान खाली गेली. “सर, पण ही बाजू तर...” शकुनबाई अडखळल्या. ओमप्रकाशजींनी खोलीभर पाहिलं. सगळे आपल्याकडे असे का पाहतात, ते त्यांना उमगेना. नत्थुजींनी या माणसाला चिडलेलं, खवळलेलं, कुचेष्टेनं हसताना पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

नत्थुजी ताडकन उठले.

“थांबा बाई! मले हे मंजूर नाही. निलय म्हणजे राह्याची जागा. रक्त तिथं मुक्कामाले राह्यते काय? येते अन् जाते. मंग धर्मशाळाच म्हणा ना! वर कर्णिका, खाली जवनिका. दुसरा शब्द चालणार नाही!”

ओमप्रकाशजींचंच हे म्हणणं वर्षानुवर्षं ऐकून त्यांना पाठ झालं होतं. ते जीव तोडून भांडले. ओमप्रकाशजींच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला; तेही तुटून पडले. मागचं हसणं केव्हाच थांबलं होतं. मग हात वर झाले. शकुनबाईंनी नत्थुजींकडे एकदा नीट पाहिलं आणि त्यांच्याविरुद्ध हात वर केला. नत्थुजी एकटे पडले.

पाय घासत ओमप्रकाशजी फळ्याशी गेले. मोठ्या अक्षरांत त्यांनी ‘अलिंद’ लिहिलं आणि खाली आपलं नाव ठोकलं. परतताना ते नत्थुजींपाशी थांबले.

“पुढच्या बैठकीत मेंदूतल्या पोकळ्या आहेत. तयारीनं या. तिथंही सोडत नाही तुमाले.”

“पाहू,” नत्थुजी गुरकावले.

बाहेर व्हरांड्यात हर्षाने त्यांना गाठलं. तिचे डोळे भरले होते. “काका, तुमी...”

“काका म्हणू नको मले,” नत्थुजी म्हणाले. “त्यायच्या डोक्याचा फोटो काढून घे. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचलं की कधी कधी पाय असे जमिनीले चिकटतात, अन् असाच विसर पडते. तसं असलं तर डॉक्टर पाण्याले वाट करून देतात. उशीर करू नको.”

“तुमचे उपकार...”

“उपकार गिपकार काही नाही. आजचं हरणं काही खरं नाही. पुढच्या बैठकीत त्यायनं मले खरंखुरं हरवलं पाह्यजे.”