यंत्राच्या पाठीवरची चिठ्ठी

आमच्या सुनेला एक वाईट खोड आहे. काही बिघडलं की आधी म्हणते, माझंच चुकलं असेल. दूध उतू गेलं तरी, आणि गावाची वीज गेली तरी.

ह्यांनी जाताना आपला जुना युनिक्स सर्व्हर, म्हणजे नोंदी साठवायचा संगणक, तिला दिला. तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याच्या तीस वर्षांच्या नोंदी त्यात आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. ही शाळेत मराठी शिकवणारी, हिला त्यातलं काय कळणार? तरी चार दिवस पुस्तकात बघून बघून तिने तो जोडला. पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली आणि यंत्र पासवर्डपाशी अडून बसलं. आज उघडलं नाही तर उद्या मुलगा ते भंगारात देणार होता.

"माझंच काहीतरी चुकतंय, आई," ती म्हणाली. तिचं ताट तसंच झाकलेलं होतं.

मी माझं ताट बाजूला सारलं. पासवर्डची चिठ्ठी ह्यांनी यंत्राच्या पाठीवर चिकटवली होती. चाळीस वर्षं संसार मी केला आणि यंत्र हिला, या रागात तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मीच ती उपटली. फाडवली मात्र नाही. अक्षर ह्यांचं होतं.

माझा कुंकवाचा करंडा आता कुणी उघडत नाही. मी तो उघडला आणि लाल झालेली चिठ्ठी तिच्या हातावर ठेवली.

"यंत्र तुला दिलंय, ते घे. ही चूक मात्र माझी आहे, तिला हात लावायचा नाही."