कानटोपी

"सासूबाई, भात वाढू का?" थोरल्या सुनेनं, बोंगिमनं विचारलं.

मेंगबाईंचं लक्ष नव्हतं. सुनांनी शिवलेली नवी जोबावी, म्हणजे थंडीतली कानटोपी, त्यांनी नुकतीच डोक्यावर चढवली होती आणि त्या आरशात बघत होत्या. काळं रेशीम, कपाळावर पोवळ्याचा मणी, गाल आणि कान गच्च झाकणाऱ्या गोल कडा. केसाँग गावच्या गार वाऱ्याला आता आत शिरायला जागा नव्हती.

"ऐकू येत नाही वाटतं त्यांना," धाकटी चेओक म्हणाली.

"कसं येईल? कानांवर कापूस काय थोडा भरलाय? आता शेजारी तोफ उडाली तरी कळायचं नाही."

मेंगबाईंना शब्द न् शब्द ऐकू आला होता. 'मी काही बहिरी झाले नाही' हे वाक्य अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात बोंगिम म्हणाली, "एका परीनं बरंच झालं. घरात जरा मोकळं बोलता येईल."

मेंगबाईंनी ते वाक्य गिळलं. मोकळं म्हणजे काय बोलणार आहेत या?

त्या दिवसापासून जोबावी डोक्यावरून उतरेना. चुलीच्या धगीनं खालून शेकलेल्या जमिनीवर बसलेल्या मेंगबाईंच्या मानेवरून घामाच्या धारा वाहायच्या. मुलगा तेग्यू हसला. "आई, घरात कशाला टोपी?"

"या वयात डोक्याला वारा बाधतो," मेंगबाई म्हणाल्या. "आणि मोठ्यानं बोलत जा. ऐकू येत नाही."

पहिल्यांदा कानावर आलं ते रश्शाबद्दल. मेंगबाई खोलीत तांदळाएवढ्या टाक्यांनी गोधडी शिवत होत्या, आणि दोन्ही सुना दाराबाहेर मुळे चिरत होत्या.

"रश्शात हाड आहे म्हणतात," बोंगिम म्हणाली. "मला तर नुसता वास आला."

"कोठाराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. वाळवलेले मासे तिथेच म्हातारे होणार."

दुसऱ्या दिवशी मेंगबाईंनी आपणहून कोठार उघडलं आणि माशांची अख्खी माळ चुलीपाशी टाकली. "खराब व्हायच्या आत संपवा," त्या खेकसल्या. सुना एकमेकींकडे बघत राहिल्या. मेंगबाईंना इतकं हसू आलं, की त्यांना खोकल्याचं सोंग करावं लागलं.

मग एकदा घोरण्याचा विषय निघाला.

"भिंत हलते गं," बोंगिम म्हणाली. "मला वाटलं, बैल सुटला."

त्या दिवशी मेंगबाईंनी अर्धी वाटी भात तसाच ठेवला. टोपी काढून दोघींच्या अंगावर फेकावी, असं त्यांना वाटलं. पण फेकली असती तर पुढचं ऐकायला मिळालं नसतं. शिवाय त्याच संध्याकाळी चेओक म्हणाली होती, "पण ताई, मी तापानं फणफणले होते, तेव्हा माझ्या उशाशी कोण बसलं होतं? त्याच ना?" ते वाक्य मेंगबाईंनी पुढे कितीतरी दिवस जपलं.

सुनेनं काही मागितलं की आधी 'नाही' म्हणायचं, हे त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलं होतं. एकदा हो म्हटलं की घर हातचं जातं. आणि एकदा नाही म्हटलं की शब्द फिरवायचा नाही. गेल्या हिवाळ्यात चेओकनं माहेरी जायचं विचारलं, तेव्हाही त्या नाहीच म्हणाल्या होत्या. नंतर दोन दिवस त्यांना स्वतःलाच घास गोड लागला नव्हता.

बर्फ पडून गेल्यावर एका दुपारी चेओकचा आवाज आला. रडवेला होता.

"पुढच्या आठवड्यात आईची साठी आहे, ताई. सगळ्या बहिणी येणार. माझीच जागा रिकामी."

"विचारून तर बघ."

"नाही विचारणार. नाही म्हणाल्या, तर ते मनात धरून कशी वागू त्यांच्याशी?"

मेंगबाईंची सुई थांबली. स्वतःच्या आईच्या साठीला त्या गेल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी आई गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चेओकला समोर बसवलं. "तुझ्या आईचं वय काय गं?"

"साठी येतेय, सासूबाई."

"काय? मोठ्यानं बोल!"

"साठी!" चेओक ओरडली.

"मग इथे काय करतेयस? तेग्यूला गाडी जोडायला सांगितलीय. तांदळाच्या वड्या कर. कोठारातली जिनसेंगची चांगली मुळी घेऊन जा, बारकी नको. तुझ्या माहेरच्या, हेजूच्या लोकांनी म्हटलं पाहिजे, केसाँगला मुलगी दिली ती वाया नाही गेली."

चेओक आ वासून बघत राहिली. "तुम्हाला कसं कळलं माझ्या मनातलं?"

"सासूला सगळं कळतं," मेंगबाई म्हणाल्या.

निघायच्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं होतं. चेओकनं तीनदा वाकून नमस्कार केला, तिसऱ्यांदा तर तिला उठवावं लागलं. मेंगबाई ओट्यावर उभ्या राहिल्या. घामानं भिजलेल्या कानांवर टोपी खाली ओढत त्या मनाशी म्हणाल्या, भोळ्या आहेत बिचाऱ्या. कोणीही फसवावं.

बोंगिम जावेला पोचवायला फाटकाबाहेर गाडीपर्यंत गेली.

"ताई," चेओक गाडीत बसता बसता हळूच म्हणाली, "घोरण्याचं जरा जास्तच झालं हं. जेवल्या नाहीत त्या नीट."

"मिठाशिवाय किमची मुरत नाही. नुसतं गोड बोललो असतो तर त्यांना खरं वाटलं असतं?" बोंगिमनं तिच्या मांडीवर पांघरूण खोचलं. "पण परत आलीस की ती टोपी पुन्हा एकदा उसव बाई. त्यांना देण्याआधी डाव्या कानावरचा कापूस काढलास, तसा उजव्यावरचाही काढ. मी माझ्या माहेरचं तीनदा बोलले, त्यांना ऐकूच गेलं नाही."