कठीण प्रसंग

एमबीएच्या निबंधात आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग लिहायचा होता. अभिनवच्या आयुष्यात इंद्रलोक वसाहतीतला वन बीएचके, आईचा डबा आणि बाबांची पक्की नोकरी, यापलीकडे काही घडलंच नव्हतं. क्लासचे सर म्हणाले, "स्टोरी पाहिजे रे. मार्क काय, सगळ्यांकडेच असतात." मग अभिनवने बाबांना कागदोपत्री दहावीतच मारून टाकलं, आणि त्यानंतरचं घर स्वतःच्या शिकवण्यांवर चालवलं. वाचून सरांचेसुद्धा डोळे भरून आले.

इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी त्याने सगळे कागद केबिन रोडच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप केले आणि आंघोळीला गेला. बाहेर येऊन बघतो तर झेरॉक्सवाल्याने हाक मारली म्हणून ऑफिसातून येता येता बाबाच प्रिंट घेऊन आलेले. टेबलाशी बसून ते एकेक कागद नीट फाईलला लावत होते, आणि निबंध सगळ्यात वर होता.

विमा ऑफिसात मृत्यूचे दावे तपासण्यात बाबांची तीस वर्षं गेली होती. न वाचता त्यांनी कधी कागद पुढे सरकवला नव्हता.

"बाबा, ते सर म्हणाले म्हणून..." त्याला मान वर करवेना.

बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि फाईल त्याच्यापुढे ठेवली.



"उत्पन्नाचा दाखला तेवढा मी फाईलमधून काढून ठेवलाय. यंदाचा आहे, माझ्या नावाचा. लगेच पकडला गेला असतास."